मर्यादित तिकिटांची वाटणी : महासाथीच्या काळातील अमेरिकन महाविद्यालयीन फुटबॉलच्या निमित्ताने

'वाट्याला येणे' हा वाक्प्रचार मराठी माणूस दोन निरनिराळ्या प्रसंगी वापरतो. वडिलार्जित जमिनीपैकी दोन एकर एका भावाच्या वाट्याला येतात; आणि एखाद्याच्या वाट्याला हालअपेष्टा येतात. पहिल्या वाक्यात वाटणी करणारा कोणीतरी असतो, मोजमाप असते, तक्रारीलाही जागा असते. दुसऱ्या वाक्यात वाटणारा दिसत नाही. संस्कृतातही हीच गोष्ट आढळते. 'भज्' म्हणजे वाटणे; या धातूपासून भाग आणि विभाग हे शब्द सिद्ध झाले, आणि भाग्य हाही शब्द त्यापासूनच झाला. आपल्या ताटातील 'भात' मुळात 'भक्त' म्हणजे वाट्याचे अन्न होय. इंग्रजीतील 'अलॉट' या क्रियापदाच्या पोटात 'लॉट' म्हणजे नशिबाची चिठ्ठी दडलेली आहे. ग्रीक भाषेत 'क्लेरोस' या एकाच शब्दाने सोडतीची खूण आणि सोडतीने मिळालेला जमिनीचा तुकडा या दोहोंचा बोध होत असे.

शब्दांचा हा इतिहास येथे सांगण्याचे कारण असे की, वस्तू थोडी आणि मागणारे पुष्कळ अशी स्थिती आली म्हणजे 'हिशेबाने मिळालेला भाग' आणि 'दैवाने मिळालेले भाग्य' या दोन कल्पना पुन्हा एकमेकींजवळ येतात. २०२० साली अमेरिकेतील विद्यापीठांपुढे असा एक प्रश्न उभा राहिला. वरकरणी तो अगदी किरकोळ होता : फुटबॉलच्या सामन्याची थोडीशी तिकिटे कोणत्या विद्यार्थ्यांना द्यावीत? परंतु वाटणीच्या प्रत्येक पद्धतीमागे वस्तूविषयीची कोणती समजूत असते, हे या किरकोळ प्रश्नात जितके स्वच्छ दिसते तितके मोठ्या प्रश्नांत क्वचितच दिसते. प्रस्तुत लेखात त्याचाच विचार करावयाचा आहे.

१. प्रश्नाचे स्वरूप

'फुटबॉल' म्हटल्यावर आपल्या डोळ्यांपुढे जो खेळ येतो तो येथे अभिप्रेत नाही. अंडाकृती चेंडू हाती घेऊन धावण्याचा हा अमेरिकन खेळ आहे आणि तेथील विद्यापीठीय जीवनात त्याला मोठे स्थान आहे. शरद ऋतूतील शनिवार हा सामन्याचा दिवस असतो. मिशिगन विद्यापीठाच्या क्रीडांगणात एक लाख सात हजारांहून अधिक, तर टेक्सास ए अँड एम विद्यापीठाच्या काइल फील्डमध्ये एक लाख दोन हजारांहून अधिक प्रेक्षक बसू शकतात. यांपैकी काही भाग विद्यार्थ्यांसाठी राखलेला असतो आणि त्यांना तिकीट सवलतीच्या दरात मिळते. घर सोडून प्रथमच दूर आलेल्या विद्यार्थ्याला आपण या संस्थेचे झालो याची जाणीव बहुधा याच गर्दीत होते.

२०२० च्या महासाथीने नेमकी ही गर्दीच निषिद्ध ठरविली. 'बिग टेन' या विद्यापीठांच्या क्रीडामंडळाने ११ ऑगस्ट रोजी शरद ऋतूतील सामने पुढे ढकलले आणि १६ सप्टेंबर रोजी तो निर्णय फिरविला. ऑक्टोबरअखेर त्यांचे सामने सुरू झाले, पण सर्वसाधारण तिकीटविक्री न करता. मिशिगनचे ते प्रचंड क्रीडांगण त्यामुळे जवळजवळ रिकामेच राहिले. दक्षिणेकडील 'एस.ई.सी.' या मंडळाचे सामने २६ सप्टेंबरपासून सुरू झाले, आणि किती प्रेक्षक घ्यावयाचे हे स्थानिक नियमांच्या मर्यादेत ज्या त्या विद्यापीठावर सोपविण्यात आले. अनेक ठिकाणी एकूण जागांपैकी शेकडा २० ते २५ जागा भरण्याचे ठरले. इंडियाना राज्यातील नॉटर डेम विद्यापीठानेही सत्तर हजारांहून अधिक आसनांपैकी सुमारे एकपंचमांशच वापरण्याचे ठरविले, आणि त्या विद्यार्थी, अध्यापक, कर्मचारी व खेळाडूंचे कुटुंबीय यांच्यासाठी राखून ठेवल्या.

साथीच्या काळात सामने खेळले जाणे ही गोष्ट नवी नव्हती. १९१८ च्या इन्फ्लुएंझाच्या साथीत अटलांटा येथील जॉर्जिया टेकच्या क्रीडांगणात तोंडाला फडकी बांधून बसलेल्या प्रेक्षकांचे छायाचित्र उपलब्ध आहे. परंतु अंतर राखण्यासाठी पाचांपैकी चार आसने मोकळी ठेवावयाची आणि उरलेले एक कोणाला हे ठरवावयाचे, हा प्रश्न २०२० साली अनेक विद्यापीठांपुढे एकाच वेळी आला.

२. रूढ पद्धती आणि त्यांची गृहीतके

महासाथीपूर्वी विद्यार्थ्यांची तिकिटे वाटण्याच्या ज्या पद्धती रूढ होत्या त्या स्थूलमानाने चार सांगता येतील : रांग, ज्येष्ठता, निष्ठेचे गुण आणि सोडत. सवलतीचे तिकीट असल्यामुळे किंमत ही पाचवी पद्धत मुळातच बाजूला पडते. मात्र तिकीट दुसऱ्यास विकण्याची मोकळीक ठेवली तर ती मागील दाराने आत येते.

रांगेची पद्धत 'जो आधी येईल त्याला आधी' या तत्त्वावर चालते. तिचे गृहीतक असे की, ज्याला वस्तूची ओढ अधिक तो अधिक वेळ थांबेल. म्हणजे वेळ ही येथे किंमत होय. ड्यूक विद्यापीठात बास्केटबॉलच्या सामन्यासाठी विद्यार्थी तंबू ठोकून राहतात. १९८६ पासूनची ही प्रथा प्रसिद्धच आहे. टेक्सास ए अँड एममध्ये तिकीट-खिडकीपुढे आदल्या रात्रीपासून मुक्काम पडतो, आणि तेथे रांगेला ज्येष्ठतेची जोड आहे : शेवटच्या वर्षाच्या विद्यार्थ्यांचा दिवस पहिला, मग क्रमाने खालच्या वर्गांचा.

निष्ठेच्या गुणांची पद्धत अलीकडची आहे. आधीच्या सामन्यांना जो हजर राहिला त्याला पुढील तिकिटात प्राधान्य मिळते. तिकीट घेऊन जो आला नाही त्याचे गुण कापले जातात. अलाबामा विद्यापीठाने २०१९ साली याच्याही पुढे एक पाऊल टाकले. विद्यार्थी शेवटच्या चतुर्थांशापर्यंत क्रीडांगणात थांबला की नाही, हे त्याच्या मोबाइलवरील ॲपद्वारे पाहून त्याला गुण देण्याची योजना तेथे सुरू झाली.

या तिन्ही पद्धतींत तिकीट हे एक 'पारितोषिक' मानलेले आहे. रांगेत ते सहनशीलतेचे, ज्येष्ठतेत ते काढलेल्या वर्षांचे, आणि गुणपद्धतीत ते उपस्थितीचे पारितोषिक होय. साध्या काळात याला आक्षेप घेण्याचे कारण नाही. क्रीडांगण भरलेले दिसावे हा संस्थेचा हेतू असतो आणि या पद्धती तो हेतू साधतात. महासाथीत मात्र तिकिटाचा अर्थच बदलला. ते पारितोषिक उरले नाही; ते एकाच वेळी एका दुर्मिळ आनंदाचा वाटा आणि एका धोक्यात शिरण्याचा परवाना झाले. अर्थ बदलल्यावर जुन्या पद्धती केवळ अपुऱ्या पडल्या असे नव्हे, तर त्यांपैकी काही उलट्या फळल्या असत्या.

रांगेचेच पाहा. क्रीडांगणात दोन व्यक्तींमध्ये सहा फुटांचे अंतर ठेवावयाचे, आणि त्या जागेसाठी खिडकीपुढे रात्रभर दाटीवाटीने उभे राहावयाचे, हा उघड विरोध आहे. रांग संगणकावर नेली तर गर्दी टळते, पण रांगेचा मूळ आधारही नाहीसा होतो. ठराविक मिनिटाला सुरू होऊन काही क्षणांत संपणाऱ्या वाटपात ओढ मोजली जात नाही. मोजला जातो तो इंटरनेटचा वेग, आणि त्या घटकेला विद्यार्थी प्रयोगशाळेत होता की मोकळा होता ही गोष्ट. म्हणजे ती सोडतच होय. फक्त तिच्यातील चिठ्ठ्या सारख्या आकाराच्या नसतात.

गुणपद्धतीतील दोष याहून गंभीर आहे. जी पद्धत न येणाऱ्याला दंड करते, ती ताप असलेल्या विद्यार्थ्यालाही सामन्याला येण्याचा मोह घालते. साध्या काळात रिकामी खुर्ची हे नुकसान असते. साथीच्या काळात ती कित्येकदा शहाणपणाची खूण असते.

ज्येष्ठतेचा दावा मात्र सहज झटकून टाकता येत नाही. शेवटच्या वर्षाच्या विद्यार्थ्याला पुढील वर्ष नसते. त्या हंगामातील खेळाडूंना राष्ट्रीय महाविद्यालयीन क्रीडासंघटनेने, म्हणजे एन.सी.ए.ए.ने, खेळण्याच्या पात्रतेचे एक वर्ष वाढवून दिले; प्रेक्षक विद्यार्थ्याला असे वर्ष परत मिळणे शक्य नव्हते. परंतु प्रथम वर्षाच्या विद्यार्थ्याची बाजूही ऐकली पाहिजे. ज्येष्ठ विद्यार्थ्याने तीन हंगाम पाहिलेले असतात, त्याचे मित्र असतात. नवागताचे वर्ग संगणकावर, जेवण खोलीत आणि ओळखी मुखपट्टीआड. पुढील वर्षी सर्व सुरळीत होईल असे आश्वासन २०२० च्या सप्टेंबरात त्याला कोणी देऊ शकत नव्हते. दोन्ही दावे खरे असतील आणि त्यांना मोजण्याचे समान माप नसेल, तेव्हा न्यायी माणूस चिठ्ठ्यांकडे वळतो. सोडत येथे विचाराचा अभाव नसते. विचार जेथे समतोल होऊन थांबतो तेथे ती सुरू होते.

३. सोडत आणि पाळी

मराठी वाचकाला 'सोडत' हा शब्द म्हाडाच्या घरांमुळे चांगला परिचित आहे. 'माझा नंबर लागला' असे आपण सोडतीविषयी म्हणतो आणि रांगेविषयीही म्हणतो. या दोन नंबरांत फरक आहे. रांगेतील नंबर आज लागला नाही तर उद्या पुढे सरकतो. सोडतीला मात्र स्मरणशक्ती नसते. या विस्मरणाचा परिणाम किती होतो हे एका काल्पनिक उदाहरणाने पाहू.

समजा, एका विद्यापीठात तिकीट मागणारे विद्यार्थी २४,००० आहेत. प्रत्येक सामन्याला त्यांच्यासाठी ४,००० जागा आहेत आणि घरच्या मैदानावर एकूण पाच सामने व्हावयाचे आहेत. प्रत्येक सामन्यासाठी सर्वांची स्वतंत्र सोडत काढली, तर कोणाही विद्यार्थ्याला एका सामन्याचे तिकीट मिळण्याची संभाव्यता एकषष्ठांश राहील. ही सर्वांना सारखी आहे. म्हणून पद्धत न्याय्य दिसते. परंतु पाचही वेळा निराश होण्याची संभाव्यता पाचषष्ठांशाचा पाचवा घात, म्हणजे सुमारे शेकडा ४० येते. हंगामअखेर जवळजवळ ९,६०० विद्यार्थ्यांनी एकही सामना पाहिलेला नसेल, आणि त्याच वेळी सुमारे ४,७०० विद्यार्थ्यांनी दोन किंवा अधिक सामने पाहिलेले असतील.

आता यात एकच नियम घाला : ज्याला एकदा तिकीट मिळाले तो, बाकीच्या सर्वांना मिळेपर्यंत, पुढील सोडतीत मागे राहील. त्याच २०,००० जागांत आता २०,००० विद्यार्थी प्रत्येकी एक सामना पाहतील आणि वंचित राहतील ते फक्त ४,०००. जागा तितक्याच, विद्यार्थी तितकेच. केवळ सोडतीला 'पाळी'ची स्मृती जोडली. सर्व सामने सारखे आकर्षक नसतात हे खरे. म्हणून कोणता सामना हवा याचा क्रम विद्यार्थ्यांकडून आधी मागवावा आणि सोडतीतील क्रमाने एकेकाची निवड पुरी करीत जावे. अर्थशास्त्रात या पद्धतीचा सूक्ष्म अभ्यास झालेला आहे. तिचा मोठा गुण हा की, विद्यार्थ्याला आपली आवड लपवून किंवा फिरवून सांगण्यात लाभ नसतो. खरे सांगणे हेच हिताचे ठरते.

सोडत न्याय्य असून भागत नाही. ती तशी दिसलीही पाहिजे, आणि तपासता आली पाहिजे. १ डिसेंबर १९६९ रोजी अमेरिकेत सक्तीच्या लष्करभरतीसाठी जन्मतारखांची सोडत काढण्यात आली. ३६६ तारखांच्या कुप्या एका पात्रात भरल्या होत्या, पण त्या पुरेशा मिसळल्या गेल्या नाहीत, आणि वर्षाच्या अखेरच्या महिन्यांत जन्मलेल्यांच्या तारखा प्रमाणाबाहेर आधी निघाल्या. तेथे प्रश्न युद्धावर जाण्याचा होता, येथे सामना पाहण्याचा आहे. पण तत्त्व तेच : चिठ्ठ्या ढवळण्याची क्रिया हाच सोडतीचा न्याय होय. संगणक ही क्रिया डोळ्यांआड करतो, म्हणून तिची पद्धत आधी जाहीर करणे अधिकच आवश्यक ठरते.

४. एकटा विद्यार्थी आणि गट

सामना हा एकट्याने उपभोगण्याचा आनंद नव्हे. चार मित्रांनी स्वतंत्र चिठ्ठ्या टाकल्या आणि प्रत्येकाची संभाव्यता एकषष्ठांश असली, तर चौघांचेही नाव एकाच सामन्याला निघण्याची संभाव्यता सुमारे १,२९६ त एक इतकी अल्प होते. एकाच निशाणीखाली सर्वांनी जावे आणि कोणाचेही नाव निघाले तर सर्वांना तिकीट द्यावे, असा उपाय सुचतो. तो उलट बाजूस झुकतो. त्या गटाची संभाव्यता निम्म्याहून अधिक होते, आणि एकटा अर्ज करणारा एकषष्ठांशावरच राहतो. योग्य मार्ग मधला आहे : गट लहान असो वा मोठा, त्याची चिठ्ठी एक, आणि एका विद्यार्थ्याचे नाव एकाच गटात. मग एकट्याची व चौघांची संधी जवळजवळ सारखी राहते.

महासाथीत गटाचा प्रश्न केवळ मैत्रीचा नव्हता, भूमितीचाही होता. आसनाची रुंदी दीड फूट धरली, तर सहा फुटांचे अंतर म्हणजे चार रिकामी आसने. ८० आसनांच्या एका ओळीत एकेकटे विद्यार्थी बसविले तर १६ मावतात. चौघांचे गट सलग बसवून गटागटांत चार आसने सोडली, तर दहा गट म्हणजे ४० विद्यार्थी मावतात. दोन्ही व्यवस्थांत ठरविलेले अंतर पाळले जाते. संख्या मात्र अडीचपट होते. म्हणून गटाने बसविणे हे केवळ गटातील विद्यार्थ्यांच्या नव्हे, तर सर्वांच्याच हिताचे होते. यातील अट एवढीच की, तो गट मुळातच एकत्र राहणारा हवा. वसतिगृहातील एका खोलीचे किंवा एका घराचे सोबती एकमेकांचा श्वास एरवीही घेतच असतात. तिकिटासाठी नव्याने जमविलेले चौघे मात्र साथीला नवी वाट करून देतात. ज्याचे अजून कोणी सोबती नाहीत त्या नवागतासाठी काही एकेरी आसने राखणे अर्थातच आवश्यक आहे. गटपद्धतीचा सर्वांत सहज विसरला जाणारा माणूस तोच असतो.

५. न येण्याची मुभा

अमेरिकन विद्यापीठांच्या तिकीटविषयक सूचनांत दोन क्रियापदे वारंवार येतात. आधी विद्यार्थी तिकिटाची 'विनंती' करतो. नाव निघाल्यावर त्याने ठरलेल्या मुदतीत ते 'हक्क सांगून' ताब्यात घ्यावयाचे असते. मुदत टळली तर ते प्रतीक्षायादीवरील पुढच्या विद्यार्थ्याकडे जाते. विनंतीचे हक्कात रूपांतर होण्याचा हा क्षण भाषेच्या अभ्यासकाला लक्षणीय वाटेल. परंतु साथीच्या काळात याला तिसऱ्या क्रियापदाची जोड हवी होती : 'परत करणे'. सामन्याच्या दिवशी सकाळी अंग तापले तर तिकीट परत करावे, त्याबद्दल दंड नसावा, आणि पुढील सोडतीत आपली पाळी कायम राहावी. ही मुभा नसेल तर प्रामाणिकपणाची किंमत आजारी विद्यार्थ्याच्या माथी बसते.

याच वेळी तिकीट दुसऱ्याच्या नावे करण्यास मात्र बंदी हवी. अन्यथा परत करण्याऐवजी विकणे अधिक फायद्याचे होईल, आणि सामन्याची आवड नसलेलेही केवळ विक्रीसाठी सोडतीत उतरतील.

तिकीट हे आरोग्यरक्षणाचे साधनही होऊ शकते, याचे उदाहरण ऑस्टिन येथील टेक्सास विद्यापीठाने घालून दिले. १२ सप्टेंबर २०२० च्या पहिल्या सामन्यास येऊ इच्छिणाऱ्या विद्यार्थ्यांना आधी कोविडची चाचणी करून घेणे सक्तीचे होते. सुमारे बाराशे विद्यार्थ्यांची चाचणी झाली आणि त्यांपैकी ९५ जण, म्हणजे शेकडा आठ, बाधित आढळले. हे विद्यार्थी स्वतःला निरोगी समजून सामन्याची तयारी करीत असणार. तिकिटाच्या ओढीने त्यांना चाचणीकडे आणले. मात्र या घटनेचा दुसरा अर्थही दृष्टीआड करता येत नाही : जेथे चाचणीची अट नव्हती तेथे असे विद्यार्थी ओळखले न जाता आत गेले असण्याचा संभव होता.

६. वाटणीची मर्यादा

येथवरच्या विवेचनावरून चांगली पद्धत कोणती याचे उत्तर हाती येते : एकत्र राहणाऱ्यांच्या गटाला एक चिठ्ठी, सोडतीला पाळीची जोड, नवागतांसाठी काही एकेरी जागा, दंडाशिवाय परत करण्याची मुभा, हस्तांतरास बंदी आणि तपासता येईल अशी सोडत. तरीही या सर्वांनी काय साधत नाही हेही सांगितले पाहिजे.

७ नोव्हेंबर २०२० रोजी नॉटर डेमच्या क्रीडांगणात त्या वेळी अग्रक्रमांकावर असलेल्या क्लेम्सन संघाशी सामना झाला. सुमारे अकरा हजार प्रेक्षक अंतर राखून बसलेले होते. निर्धारित वेळेत बरोबरी झाली. दुसऱ्या जादा डावात नॉटर डेमने ४७-४० असा विजय मिळविला. त्या क्षणी विद्यार्थी कठडे ओलांडून मैदानात उतरले आणि काही मिनिटांतच तेथे तीच गर्दी जमली, जी टाळण्यासाठी पाचांपैकी चार आसने रिकामी ठेवली होती. याच विद्यापीठाने ऑगस्टमध्ये रुग्ण वाढल्यामुळे दोन आठवडे वर्ग संगणकावर नेले होते. सामन्यानंतर, सत्र संपून घरी जाण्यापूर्वी प्रत्येक विद्यार्थ्याने चाचणी करून घेतली पाहिजे, आणि जो ती न करता जाईल त्याची पुढील सत्राची नोंदणी रोखली जाईल, असे विद्यापीठाने जाहीर केले.

या विद्यार्थ्यांना दोष देणे सोपे आहे. पण ज्या तरुणांना आठ महिने एकमेकांपासून दूर राहण्यास सांगितले होते, त्यांना एकत्र आणून त्यांच्या देखत असा विजय घडविल्यावर दुसरे काय होणार होते, हाही प्रश्न विचारला पाहिजे. वाटणीचा नियम आसन कोणाचे हे ठरवितो. आसनावर बसून राहण्याची शपथ तो कोणाकडून घेऊ शकत नाही. म्हणून 'कोणाला द्यावे' या प्रश्नाच्या आधी 'देण्याजोगे किती आहे' हा प्रश्न येतो, आणि त्याचे उत्तर आसने मोजून नव्हे, तर माणसांचा स्वभाव लक्षात घेऊन द्यावे लागते. बिग टेन मंडळाने कोणालाच तिकीट विकले नाही. ते कठोर वाटले, तरी त्यात एक प्रकारची समता होती हे मान्य केले पाहिजे.

२०२१ च्या हंगामात बहुतेक क्रीडांगणे पुन्हा भरली, आणि हा प्रश्न मिटल्यासारखा झाला. परंतु वसतिगृहातील खोल्या, शिष्यवृत्त्या, साथीतील लस किंवा रुग्णालयातील खाटा यांच्या बाबतीत तो निरनिराळ्या रूपांत पुन्हा उभा राहणारच. त्या वेळी आपण वाटतो आहोत ती वस्तू पारितोषिक आहे, वाटा आहे की परवाना आहे, हे आधी ठरवावे; पद्धतीची निवड त्यानंतर करावी. ज्याच्या वाट्याला काही आले नाही त्याला निदान एवढे सांगता आले पाहिजे की, तुझा भाग कोणी काढून घेतला नाही, तुझे भाग्य तेवढे उघडले नाही. असे सांगताना ज्या वाटणाऱ्याला खाली पाहावे लागत नाही, त्याची वाटणी न्याय्य समजावी.